पाय टेकायचा नाही

न्यू जर्सीच्या दक्षिण भागात पाइन बॅरन्स नावाचं एक अफाट रान आहे. तिथल्या खडीच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझ्या हातात कुणा अनोळखी माणसाची जुनी निळी सायकल होती, डोक्यावर मेव्हण्याची टोपी होती आणि पसरणीच्या घाटाची अब्रू पणाला लागली होती.

घाटाचं आधी सांगतो, म्हणजे सांगता येईल तेवढंच सांगतो. कॉलेजात असताना मी पुण्याहून महाबळेश्वरला सायकलनं गेलो आणि वाईच्या पुढचा पसरणीचा घाट एकदाही पाय न टेकता चढलो. ही गोष्ट मी तेव्हापासून सांगत आलो. लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, एकदा दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितली. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात मी आणि माझी बायको कुसुम तिच्या धाकट्या भावाकडे, शशीकडे, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला राहायला गेलो. शशी इंजिनिअर. इंजिनिअरला गोष्ट सांगण्यातली अडचण अशी, की तो ऐकता ऐकता चढ मोजतो. मी तिसऱ्यांदा घाट चढू लागलो तेव्हा त्यानं फ्रिजमधून दूध काढता काढता म्हटलं, "भाऊजी, इथं पाइन बॅरन्समध्ये एक रस्ता आहे. घाट नाही, ट्रॅफिक नाही. शनिवारी ड्राइव्ह करून जाऊ. तो पाय न टेकता करून दाखवा."

"आणि दाखवला तर?"

"तर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मी स्टेजवरून तुमचा घाट अनाउन्स करतो. नाही जमलं, तर ही गोष्ट तुम्ही परत सांगायची नाही. कुठेच. पुण्यातसुद्धा नाही."

कुसुम पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. त्या थांबण्यात केवढी आशा होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सायकल शशीनं शेजारच्या गल्लीतल्या गॅरेज सेलमधून (घरातल्या नकोशा वस्तू दारात मांडून विकायची इथली रीत) आणली. जाड टायरांची, म्हशीसारखी शांत. तिच्या हँडलला ब्रेक नव्हते. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं, असं शशीनं मला दोनदा समजावलं. पुण्याच्या माणसाला सायकल शिकवणाऱ्याकडे जसं बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

शनिवारी सकाळी माझी आणि शशीची, अशा दोन्ही सायकली स्टेशन वॅगनच्या टपावर बांधून आम्ही निघालो. रानाच्या तोंडाशी मोटारी अडवायला एक लोखंडी अडसर लावलेला होता. शशीनं आणि मी सायकली त्याच्या बाजूनं आत घेतल्या. शशीची बायको मंदा आणि कुसुम जेवण घेऊन गाडीनं वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाणार होत्या. निघताना कुसुम म्हणाली, "सांभाळून या. आणि खरं खरं या."

आत शिरलो आणि शंभर पावलांत अमेरिका संपली. तोवर मी पाहिलेली अमेरिका म्हणजे सहा पदरी रस्ते आणि मोटारी. इथे फक्त आमच्या चाकांखाली खडी कुरकुरत होती. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, पण पोस्टरवर असतात तशी उंच देखणी नव्हेत. बुटकी, वाकडी, बुंधे आगीनं काळे झालेले. इथे वणवे लागतात आणि ही झाडं त्यानंतर पुन्हा फुटतात, असं शशीनं सांगितलं. मधेच रान संपून उघडा माळ लागायचा. त्यावर गुडघाभर उंचीची ब्लूबेरीची झुडपं होती, थंडीच्या चाहुलीनं पानं कुंकवासारखी लाल झालेली. एका लाकडी पुलाखालचा ओढा पाहून मी जवळजवळ थांबलोच. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि तरी तळ दिसण्याइतकं नितळ होतं. थांबायला बंदी असल्यामुळे त्याचं सौंदर्य मला मान वळवूनच पाहावं लागलं, आणि त्यात मी पुलाच्या कठड्याला कोपर घासून घेतलं.

पुढे खडी संपली आणि पांढरी वाळू लागली. इथे देव माझ्या बाजूचा निघाला. शशीची सायकल दहा गिअरची, टायर करंगळीएवढे. ती वाळूत सुरीसारखी रुतायची. तो उतरायचा, ढकलायचा, पुन्हा बसायचा. माझी म्हैस मात्र डुलत डुलत चालली होती. त्याच्या शेजारून जाताना मी टोपी काढून नमस्कार केला.

"टायर जाड आहेत म्हणून," तो धापा टाकत म्हणाला.

"घाटात टायर बारीक होते," मी मागे न बघता म्हणालो.

वळणानंतर तो दिसेनासा झाला. मग मी आणि ते रान, दोघंच. झाडांचा डिंकाळ वास येत होता, ऊन पाठीवर होतं, आणि मला एकदम विशीतला झाल्यासारखं वाटू लागलं. हाच घात झाला. पुढे एक लांब उतार आला. पुण्यात उतारावर आम्ही काय करायचो? पायडल थांबवायचं आणि मजेत उलटं फिरवायचं, त्या टर्रर्र आवाजासाठी. पेठांमधला प्रत्येक मुलगा हे करतो, प्रोफेसर होऊनही करतो. माझ्या डोक्याला शशीचा धडा माहीत होता. पायांना तो कुणी सांगितलाच नव्हता. मी ऐटीत पायडल उलटं फिरवलं.

मागचं चाक जागच्या जागी खिळलं. सायकल डावीकडे गेली आणि मी, एखाद्या नाटकातल्या खलनायकासारखे दोन्ही हात पसरून, उजवीकडे ब्लूबेरीत गेलो. पाठीवर पडलो. वर निळं आकाश होतं आणि त्या आकाशात माझे दोन्ही बूट होते.

"उतरायची ही पद्धत मी आज पहिल्यांदा पाहिली," असं कुणीतरी इंग्रजीत म्हणालं. माझ्या आईच्या वयाच्या एक बाई उभ्या होत्या, पाठीवर गोणी. त्या पाइनची सुकी बोंडं गोळा करून शहरात सजावटीसाठी विकत. त्यांनी मला हाताला धरून उभं केलं, पाठीवरच्या काड्या झटकल्या, हाडं शाबूत आहेत का ते विचारलं. मी काय केलं असेल? मी त्यांना पसरणीचा घाट सांगितला. सगळा. वाईपासून. ही शेवटची वेळ आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण रंगला छान. बाईंनी गोणी खाली न ठेवता पूर्ण ऐकला आणि एकच विचारलं, "तेव्हा तुमच्याबरोबर कुणी नव्हतं?"

"नाही."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मी सायकलवर बसलो आणि पलीकडच्या टोकाला दिमाखात पोहोचलो. तिथे क्रॅनबेरीचं (करवंदाएवढं, आंबट, लाल फळ) शेत होतं. काढणीसाठी त्यात पाणी सोडलं होतं, आणि फळं वर तरंगून सबंध तळंच लाल झालं होतं. काठावर चादर पसरून कुसुम आणि मंदा बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं शशी सायकल ढकलत आला. त्यानं हात पुढे केला. "मान गए, भाऊजी. दिवाळीला अनाउन्स करतो."

मी जिंकलो होतो. आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. पुऱ्या होत्या, चक्क्याऐवजी सावर क्रीमचं श्रीखंड होतं, नाश्त्याच्या सीरियलचा चिवडा होता. फक्त जेवायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण माझ्या आतमध्ये एक ताजी, न सांगितलेली गोष्ट होती. आकाशात बूट असलेली. चिवड्याच्या दुसऱ्या मुठीपर्यंत मी कळ काढली. मग उभा राहिलो आणि हातवारे करून सगळं सांगितलं. पडूनसुद्धा दाखवलं.

मंदा हसून हसून रडली. शशी मात्र घास खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे पडलात."

"पडलो. पण अट काय होती? पाय टेकायचा नाही. पाय वर होते. बाकी सगळं टेकलं, पाय नाही." हा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता.

कुसुमनं मला आणखी एक पुरी वाढली. "अहो," ती म्हणाली, "मग उठलात कसे?"

महिन्याभरानं पुण्यात परतलो. स्वागताला मित्रमंडळी जमली. कुणीतरी आपल्या नव्या जावयाची ओळख करून दिली आणि म्हणालं, याला तुमचा तो घाट सांगा. मी कपातल्या कोऱ्या चहाकडे बघत राहिलो. चहा त्या ओढ्याच्या रंगाचा होता. सगळे थांबले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की गोष्ट पोटात राहिली की कुठे दुखतं.

कुसुमनं पदराला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. वाईपासून. माझ्याच जागांवर ती थांबत होती, माझ्यासारखाच हात माझ्याच वळणावर हवेत फिरवत होती. लाटणं थांबवून जिच्यापासून सुटका मागितली होती, ती गोष्ट ती एक शब्द न गाळता सांगत होती, आणि खरं सांगतो, माझ्याहून बरी सांगत होती. शेवटच्या वळणावर जावई पुढे सरकला.

"पाय टेकला नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाकी काय काय टेकलं, ते अमेरिकेतलं. ते आता ह्यांच्याकडून ऐका."

मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.