खेळाच्या रकान्यात शून्य

"तुम्ही नेमकं काय करता?" असं कुणी विचारलं की मला नमनालाच घडाभर तेल लागतं. मी लहान मुलांना विचारायचे प्रश्न तयार करते. चार देशांतल्या आठ वर्षांच्या मुलांचा एक मोठा सर्वे आहे. मुलं तीच, घरं तीच. ती बावीस-तेवीस वर्षांची होईपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या दारात जायचं आणि विचारायचं, काय खाता, काय शिकता, दिवस कसा जातो. यातली मराठी प्रश्नावली माझ्या हातची. परदेशातून आलेला प्रश्न मराठीत बसवायचा आणि तो लेकरांना कळतो का, हे वस्तीवर बसून पडताळायचं. माझी बहीण याला "लोकांच्या घरात डोकवायची नोकरी" म्हणते. मी रागावते, पण तिचं फारसं चुकत नाही.

या कामात एकच मोठा धाक असतो. प्रश्नावली एकदा पक्की झाली की पुढं तिच्यातला काना-मात्रा हलत नाही. दर फेरीला वेगळं विचारलं तर कशाची तुलना कशाशी करणार? म्हणजे आज एक चुकीचा प्रश्न आत घुसला तर पंधरा वर्षं तो तसाच विचारला जाणार, आणि पंधरा वर्षं त्याचं चुकीचंच उत्तर साठणार. गेल्या हिवाळ्यात राणीसावरगावच्या बाजूला, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या एका वस्तीवर आम्ही शेवटची पडताळणी करत होतो. प्रश्नावली पक्की व्हायला दोन दिवस उरले होते.

सोबत ताडकळसचे एक गुरुजी होते. चाळीस वर्षं पोरांना शिकवून निवृत्त झालेले आणि घरी बसून कंटाळलेले. मी चिडायची आणि त्यांनी मला शांत करायचं, अशी आमची कामाची वाटणी आपोआप झाली होती.

मी चिडायचं पहिलं कारण नियमावली. तिच्यात लिहिलं होतं, मुलाशी एकांतात बोलावं. ज्यानं हे लिहिलं त्यानं आमच्याकडची वस्ती पाहिलेली नसणार. आम्ही सतरंजी टाकली, की अर्ध्या तासात चुलत्या, आत्या, म्हातारे, शेजारपाजार सगळे गोळा. समोर बसलेली पोरगी आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. मी तिला विचारलं, "तुला शाळा आवडते का गं?"

"आवडती की! न आवडायला काय झालं?" आत्या म्हणाली.

"सकाळी काय खाल्लंस?"

"भाकर अन् तुरीचं वरान," हे आजोबांनी सांगितलं.

पोरगी निवांत माझ्या टॅबकडं बघत बसली होती. तिला बोलायची गरजच पडत नव्हती. माझा पारा चढायला लागला तसे गुरुजी खाकरले. मग मला एक कल्पना सुचली. जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या कागदावर मी घाईघाईनं मोठ्यांसाठी चार प्रश्न खरडले. लहानपणी काय खेळायचात? कुठं? कुणासोबत? खेळ मोडला कशानं? त्या प्रश्नांचा सर्वेशी काडीचा संबंध नव्हता. गुरुजींनी तो कागद घेतला, चष्मा लावला आणि तालुक्याचा साहेब आल्यासारखं जाहीर केलं, "मोठ्या माणसांचा फॉर्म लिंबाखाली भरायचाय. रांगेनं या."

सगळी वस्ती उठून कडुलिंबाखाली गेली. कुणी एवढ्या वर्षांत त्यांना काही विचारलंच नव्हतं बहुतेक. आत्या सगळ्यांच्या पुढं.

आता पोरगी एकटी, मी एकटी. ती मस्त बोलायला लागली. मग आम्ही माझ्या लाडक्या प्रश्नावर आलो. "शाळा, अभ्यास आणि काम झाल्यावर तू रोज किती वेळ खेळतेस?" हे वाक्य मी तीन दिवस घासूनपुसून केलं होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

तिनं विचार केला. "न्हाईच खेळत."

"थोडंसंही नाही?"

"काम झालं की जेवायचं. मंग झोपायचं."

मी शून्य लिहिलं. त्या दिवशी पाच लेकरांना विचारलं. चौघांचं शून्य आणि एकाचं अर्धा तास, तेही त्याच्या पायाला लागल्यामुळं तो घरी होता म्हणून. मला वाईट वाटलं. किती कष्टाचं बालपण, असं काहीतरी मनात जुळवायलाही लागले.

तेवढ्यात लिंबाखालून हसण्याचा मोठा गलका आला. गुरुजी परतले तेव्हा त्यांचा कागद गच्च भरला होता, मागच्या छापील फॉर्मच्या समासातही लिहिलेलं होतं. "ताई, हे वाचा तुम्ही," ते म्हणाले. "लय मजा आली."

आजोबा मेंढरामागं विटी-दांडू खेळायचे. आत्या पाणी भरायला जाताना वाटेत ठिकरी खेळायची, डोक्यावर घागर तशीच. एक चुलती कापूस वेचताना गाण्याच्या भेंड्या लावायची. आख्ख्या कागदावर काम संपल्यावर खेळणारं एकही माणूस नव्हतं.

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी याच भागातली, बोरी गावची. सातवीपर्यंत मीही शेळ्या राखल्या. बांधावर बसून गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळताना शेळी दुसऱ्याच्या हरभऱ्यात घुसली म्हणून मार खाल्लेला मला अजून आठवतो. आणि तीच मी, लेकरांना विचारत होते, काम झाल्यावर काय खेळता! काखेत कळसा अन् गावाला वळसा. माझ्याच प्रश्नात मी बसले नसते. माझ्याही नावापुढं शून्य पडलं असतं, आणि कुणीतरी माझ्याकडं बघून हळहळलं असतं.

वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. चार वाजता तिथं उभं राहून मी सर्वेच्या परदेशातल्या मुख्य बाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, आता फार उशीर झालाय, चारही देशांचे फॉर्म परवा पक्के होणार. मी तडकले. राग आला की माझं इंग्रजी एकदम सुधारतं. मी म्हटलं, तुम्ही काम आणि खेळ दोन वेगळ्या डब्यांत भरलेत, आणि मी आंधळ्यासारखी त्यांना झाकणं लावली. ही लेकरं दिवसभर खेळतात, आणि पंधरा वर्षं आपण लिहिणार की ती खेळतच नाहीत. गुरुजी मागून हातानं 'हळू, हळू' अशी खूण करत होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या नवा प्रश्न विचारा. मला समोर ऐकायचाय. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी टाकीजवळच सतरंजी टाकली. तीच दोन वेण्यांची पोरगी आणि या खेपेला तिची आईही. सत्ताविशीची असेल, काखेत करडू धरून बाजूला उभी. शेळ्या आसपास चरत होत्या. बाई टॅबवर. पोरगी पुन्हा "न्हाईच" म्हणाली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. मी विचारलं, "काल शेळ्या राखताना काय काय खेळलीस?"

तिचा चेहराच खुलला. "शाळा शाळा!"

"कुणासोबत?"

"ह्यांच्यासंगं." तिनं शेळ्यांकडं हात केला. "मी मॅडम. रोज हजेरी घेती. काळी लय हुशार हाय, नाव घेतलं की ब्यां करती. बांडी काही बोलतच न्हाई, तिला दोनदा हाक मारावी लागती. अन् बोकड दंगा करतो, म्हनून त्याला बांधावर हुबं केलंय."

"किती वेळ चालते ही शाळा?"

"दिस बुडूस्तोर."

मी एकेक वाक्य बाईंना सांगत होते आणि त्या खळखळून हसत होत्या. बोकडाचं सांगून झालं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "प्रश्न बदला. चारही देशांत." मला इतका आनंद झाला की मी गुरुजींचा हात धरून जोरजोरात हलवला. ते बिचारे लाजले.

फॉर्मच्या शेवटी एक रीत असते. आपण इतकं विचारलं, आता मुलानं आपल्याला काही विचारायचं. मी म्हटलं, "तुला काही विचारायचंय का?"

"तुमी परत येनार का?"

"येणार की. तू मोठी होईपर्यंत येणार."

"मंग तवा बी इचारनार, काय खेळलीस म्हनून?"

मी टॅबमधली पुढच्या फेऱ्यांची यादी काढली. खेळाचा प्रश्न चौदाव्या वर्षापर्यंत होता. त्याच्यापुढं शिक्षण, काम, लग्न. "नाही गं," मी म्हटलं. "मोठ्यांना तो विचारत नाहीत."

"कामून?"

गुरुजी म्हणाले, "मोठं झाल्यावर कोण खेळतंय, बाळा?"

तिला ते अजिबात पटलं नाही. "माझी आई खेळती की! काल माझी शाळा तपासायला आलती. मोठी साहेबीण झालती. बांडीला पाढे इचारले."

आईनं पदर तोंडाला लावला. करडू काखेतून निसटलं तरी तिला ते कळलं नाही. "गप गं बाई," ती म्हणाली, पण तिचं हसू काही थांबेना. मी तिच्याकडं बघून विचारलं, "खरंच?" तिनं मान खाली घालून हो म्हटलं.

मी तेही बाईंना सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईचं वय विचारलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

तीन दिवसांनी पक्की झालेली प्रश्नावली आली. मी आधी शेवटच्या फेरीचं पान उघडलं. शिक्षण, काम, लग्न, आणि त्यांच्याखाली तो प्रश्न होता. गुरुजींना फोन लावून मी तो वाचून दाखवला. बावीस वर्षांच्या बाईला आता चार देशांत विचारणार आहेत, काल काम करताना काय खेळलीस?