रिकामा डबा कसा द्यायचा?

वजनकाट्यावर चढण्याआधी मी पर्स खाली ठेवली, घड्याळ काढलं, आणि ओढणीला हात घातला तेव्हा डॉक्टर म्हणाली, "ताई, ओढणीने काही फरक पडणार नाही. चढा." जेसल पार्कातली ही आमची डॉक्टर माझ्याहून बरीच लहान, पण तोंडाने फटकळ. काटा बघून ती काही बोलली नाही, रिपोर्ट बघून मात्र बोलली. साखर अगदी काठावर होती. "पाळी जायच्या वयात वजन वाढतंच, त्यात तुमचा दोष नाही. पण थोडं तरी उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी गोळ्या सुरू."

गोळ्या म्हटल्यावर माझं धाबंच दणाणलं. माझ्या आईचं अख्खं म्हातारपण गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेलं. मला ते नको होतं.

"खाता काय?"

"साधंच हो. दोन पोळ्या, भाजी, आमटी."

"मग कसलं टेन्शन वगैरे?"

"बाजाराचं," मी म्हटलं, आणि जी सुरू झाले ती थांबेचना. केबिन रोडच्या बाजारात शिरलं की रिक्षा अंगावर येतात, हातगाड्या आडव्या, घासाघीस हिंदीत करायची, आणि मला ती मराठीतसुद्धा जमत नाही. बेसन घेतलं की गूळ राहतो, गूळ आठवला तर तूप. आदल्या दिवसापासून डोक्यात तेच, काय आणू, काय करू. घरी येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, मग बसल्याबसल्या काहीतरी तोंडात टाकते.

तिने पेन खाली ठेवलं. "घरात माणसं किती?"

"मी आणि हे."

"मग एवढं बेसन, गूळ, तूप कुणाला लागतं?"

झाली का पंचाईत! आता सांगावंच लागलं. आमच्या समोरच्या दारात एक म्हाताऱ्या गुजराती बा राहतात, एकट्याच, मुलगा सुरतेला. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी डबाभर सुखडी दिली. आता डबा रिकामा परत कसा द्यायचा? आमच्यात नाही देत. मी नारळाच्या वड्या भरल्या. त्यांच्यातही नाही देत म्हणे, त्यांनी हांडवो भरला. तेव्हापासून तो डबा कुठल्याच घरात धड टिकलेला नाही. त्यांचे मुठिया आले की माझ्या अळूवड्या, त्यांचा मोहनथाळ आला की माझं पुरण शिजायला लागतं. बरं, आलेलं अन्न टाकवत नाही, ह्यांना गोड आवडत नाही, मग संपवायचं कोणी?

डॉक्टर पोटभर हसली. "जा आणि सांगून टाका, डबा बंद."

"अहो, म्हातारं माणूस आहे, वाईट वाटेल त्यांना."

"मग गोळ्या लिहून देऊ?"

मी पर्स उचलली आणि उठले.

घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "तू सांगणार? दुधात पाणी असतं हे तू अजून दूधवाल्याला सांगू शकलेली नाहीस." मला असा राग आला, की त्या रागातच डबा धुतला, पुसला आणि तसाच घेऊन समोरची बेल वाजवली. रागाचा एवढा फायदा मला कधीच झाला नव्हता.

बांनी दार उघडलं. डॉक्टर, साखर, गोळ्या, सगळं मी एका दमात हिंदीत सांगून मोकळी झाले. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तो फिर तू आएगी किसलिए, बेटा?"

पुरण वाटताना मी इतकी वर्षं कुरकुरत आले, आणि ही बाई दिवसभर माझ्या बेलची वाट बघत बसत होती.

"बाजार के लिए," मी म्हटलं. "मेरेको अकेले नहीं जमता. थैली मैं उठाएगी, भाव आप करना. कल सुबह चलें?"

"कल क्यों?" बा म्हणाल्या, आणि डबा आत ठेवून दाराला कुलूप लावायला लागल्या.