सोपं दिसणारं काम

त्या हिवाळ्यात बालाघाटच्या हवेला उकडलेल्या धानाचा वास होता. सकाळी वैनगंगेवरून धुकं वर चढे, भातगिरण्यांचा ओलसर, गोडूस धूर त्यात मिसळे, आणि आमच्या वॉर्डातल्या कौलांवर तो करडा पडदा उन्हं वर येईपर्यंत तसाच पसरून राही. माझ्या दादासाठी मात्र धुकं दिवसभर विरत नसे. मुंबईहून तो परतला तेव्हा काचबिंदू त्याच्या दोन्ही डोळ्यांत मुरला होता. गेलेली दृष्टी परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं.

दादा मुंबईच्या एका कंपनीत संगणकासाठी प्रोग्राम लिहीत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. आमच्या गावात कुणी ते यंत्र पाहिलेलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं तर आई म्हणे, "माहा मधुकर मशीनले हिसाब शिकवते." कंपनीने त्याला रजा दिली होती आणि रजेसोबत कागदांचा एक जाडजूड गठ्ठाही. खाणीतून निघणाऱ्या मँगनीजचे ढीग सारख्या प्रतीचे नसतात, कुठला कसदार, कुठला निकस. ते अशा रीतीने मिसळावे लागतात की प्रत्येक मालगाडीत ठरल्या कसाचा माल जावा. हे ठरवणारा प्रोग्राम आधीच्या लोकांनी लिहून ठेवला होता, आणि तो वारंवार चुकत होता. तो नीट करून दे, मग नोकरीचं पाहू, असं साहेब म्हणाले होते. वडील गेल्यापासून आमचं घर दादाच्याच पगारावर चाले.

मी नुकतीच बी.ए. होऊन घरी होते, म्हणून वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. अंगणातल्या खाटेवर तो डोळे मिटून पडे आणि मी ती इंग्रजी अक्षरं, ते आकडे, लहानपणी विहारात पालीचे पाठ म्हणत असू तसे, अर्थाविना म्हणत जाई. असं असेल तर इकडे जा, तसं असेल तर तिकडे. प्रत्येक जुन्या चुकीवर कुणीतरी एक नवी अट चिकटवलेली, आणि त्या अटीच्या पोटी आणखी दोन. पूर्वी तो सगळे कागद जमिनीवर अंथरून एका नजरेत धरत असे. आता एकेक ओळ स्मरणात साठवावी लागे, आणि पुढची येईतो मागची ओंजळीतल्या पाण्यासारखी निथळून जाई.

एका दुपारी त्याने मला थांबवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी ताट तसंच राहिलं.

"काहून जेवत नाही रे बापू?" आईने विचारलं.

"माह्या डोक्यात मावत नाही, माय."

त्यानंतर कितीतरी दिवस तो गठ्ठा उघडला गेला नाही. ऊन कललं की मी त्याचा हात धरून त्याला नदीकडे नेई. अशाच एका फेरीत तो म्हणाला, "मले वाटे, डोळे गेले म्हणून मावत नाही. पण हे ज्यानं लिवलं ना, त्याच्याही डोक्यात मावलं नसन. म्हणूनच चुकते ते." त्या दिवसापासून त्याने मला प्रोग्राम वाचायला सांगणं सोडलं. तो नुसते ढीग आठवू लागला, त्यांचे कस, त्यांतून भरायच्या गाड्या.

माघातली दुपार होती. काठावरचे साग पानं टाकून उघडे पडू लागले होते. चालता चालता तो थांबला. "शांता, हे ढीग जसे आले तसेच काहून घ्याचे? पयलेच कसाप्रमाणं रांगेत लावले तं?" एका टोकाला सगळ्यांत कसदार, दुसऱ्या टोकाला सगळ्यांत निकस. या टोकाचं थोडं घ्यायचं, त्या टोकाचं थोडं. मिश्रण चढं झालं तर निकस वाढवायचं, उतरलं तर कसदार. असं करत दोन्ही बाजूंनी मधे यायचं. त्या शेकडो अटी, ढीग रांगेत नव्हते म्हणूनच जन्मल्या होत्या. मलाही, जिला त्यातलं काही कळत नव्हतं, ते कळलं.

मग तो सांगे, मी लिही, आणि रोज काहीतरी खोडलं जाई. लिहिण्यापेक्षा खोडण्यातच त्याचा वेळ जास्त जाई; एक ओळ गळली की त्याच्या चेहऱ्यावर किंचित उजेड येई. शेवटी तीन पानं उरली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्याचे मुंबईचे सहकारी सबनीस गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आले आणि पानं घेऊन गेले. पळस फुलला होता तेव्हा ते पुन्हा आले. प्रोग्राम पहिल्याच खेपेला अचूक चालला, असं ते म्हणाले, आणि कपातल्या चहाकडे पाहत राहिले.

"साहेबांनी पानं चाळली. म्हणाले, एवढंच? मग इतके दिवस कशाला लागले?" त्यांनी कप खाली ठेवला. "मधुकर, ते इतकं सोपं झालंय की आता कुणीही सांभाळू शकेल. तुझ्या जागी नवीन माणूस घेतलाय."

"सोपंच आहे ते," दादा म्हणाला. त्याने त्यांना जेवून जायचा आग्रह केला.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "थोडं अवघड ठेवलं असतं, दादा, तं तुले काढलं नसतं त्यायनं."

त्याने चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. "मले दिसलं होतं ना ते. दिसल्यावर कसं लपवाचं?"

पावसाळ्याआधी त्याची उरलीसुरली नजर गेली. मी किरनापूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पुढे सबनीसांचं पत्र आलं: प्रोग्राम अजून तसाच चालतो आहे, त्यात कुणाला हात घालावा लागलेला नाही. मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि वाचता वाचताच माझ्या ध्यानात आलं, की ज्यात कुणाला हात घालावा लागत नाही, ते कुणी लिहिलं हे विचारण्याची वेळही कुणावर येत नाही.

दादा नुसता "हौ" म्हणाला, आणि उन्हाच्या उबेकडे तोंड करून बसून राहिला.