मेलेले मासे आणि पहिल्या वर्षाचं तर्कशास्त्र

प्रिन्सिपॉल सरांनी मला तास मध्येच थांबवून बोलावलं. केबिनमध्ये दोन माणसं बसली होती. एक सुखदेवभाऊ, माझ्या बी.ए. फर्स्ट इयरच्या शीतलचे वडील. दुसरे त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. शीतल दाराशी उभी होती. वडिलांना तिची टीसी हवी होती.

"मॅडम, तुमी काय शिकवून राह्यल्या पोरीले?" अध्यक्षांनी विचारलं. "भर बैठकीत मोठ्या माणसाईले उलटून बोलते."

मी नागभीडकडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. बहुतेक मुलं टाइमटेबलमध्ये बसतो म्हणून हा विषय घेतात. पहिल्या वर्षाला अनुमान असतं, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी ओळखणं. त्यासाठी व्याप्ती लागते. दोन गोष्टी नेहमीच बरोबर असतात, हे आधी दाखवावं लागतं. एकदा पाठोपाठ घडल्या, एवढ्यानं भागत नाही. हे मी दरवर्षी शिकवते आणि मुलं परीक्षेत लिहून विसरतात.

शीतल विसरली नव्हती. गावच्या तलावातले मासे एका सकाळी उलटे तरंगताना दिसले. त्या पहाटे रखमाबाई नावाची एकटी राहणारी विधवा तलावावर दिसली होती. तिनंच काही करणी केली, अशी कुजबुज झाली आणि बैठक बसली. तिला गावाबाहेर काढायचं बोलणं सुरू झालं, तेव्हा शीतल उठली. अध्यक्षांनी तिला खाली बसायला सांगितलं, ती बसली नाही. आता सोसायटी सुखदेवभाऊंना म्हणत होती, पोरीला आवर, नाहीतर तलावात जाळं टाकू नको.

सरांनी मधला मार्ग काढला. टीसी कशाला, विषय बदलून घेऊ. माझ्याकडे न बघताच ते बोलले.

मी सुखदेवभाऊंना विचारलं, शीतल बैठकीत नेमकं काय म्हणाली?

ते खाली बघत म्हणाले, "रखमाबाई रोजच तलावावर भांडे घासाले जाते, म्हणे. मंग रोज मासे काऊन नाई मरत?"

"प्रश्न चुकीचा होता का, भाऊ?"

"नाई. बराबर होता. म्हणूनच तं पंचाईत झाली."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. सरांनी शीतलला आत बोलावून माफी मागायला सांगितलं.

"मोठ्यानं बोलली, त्याची माफी मागते," ती म्हणाली. "पण प्रश्न वापस नाई घेत."

सुखदेवभाऊ उठले. टीसी राहू द्या म्हणाले आणि तिला घेऊन बाहेर गेले. अध्यक्ष मागे रेंगाळले. मी त्यांना एवढंच सुचवलं, की मत्स्य विभागाच्या माणसाला तलाव दाखवा. ते हो म्हणाले नाहीत, पण दाखवला. ढगाळ हवा आणि साचलेला पालापाचोळा यांमुळे पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, असं त्या साहेबांनी सांगितलं. सुखदेवभाऊंचं जाळं परत तलावात पडलं. शीतलनं पुढच्या वर्षीही माझाच विषय घेतला.

रखमाबाईची कोणी माफी मागितली नाही. तिचं नाव घेणं फक्त बंद झालं. ती घाटावर आली की बायका आपली भांडी उचलून सरकायच्या. दिवाळीनंतर ती बल्लारपूरला लेकीकडे गेली, ती परतलीच नाही. हे सांगताना शीतलनं विचारलं, "मॅडम, मंग आपण जिंकलो का हरलो?"

व्याप्ती मी अजूनही तशीच शिकवते. शेवटी फक्त एक वाक्य जास्तीचं सांगते, जे सिलॅबसमध्ये नाही. तर्कानं माणूस आरोपातून सुटतो, पण त्याच्या शेजारी बसून भांडी घासायला माणूसच लागतो.