हरायचं म्हणून उशिरा उभा राहिलो

मी एसी दुरुस्त करतो. मस्कतच्या उन्हाळ्यात एसीवाल्याला जो मान मिळतो तो डॉक्टरलाही मिळत नसेल. बेल वाजवायच्या आधी दार उघडतं. थंड हवा सुरू झाली की मात्र तीच माणसं "चपला बाहेर काढायच्या होत्या हो" म्हणतात. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला तेवढा अर्ध्या तासाचा मान पुरतो. जास्त झाला तर मला घाम फुटतो.

इथल्या सीब भागात एक इंजिनियर साहेब आहेत, पुण्याचे. त्यांचा एसी दर मे महिन्यात बंद पडतो आणि साहेब दर मे महिन्यात अमेरिकेच्या बातम्या बघत असतात. त्या दिवशी मी शिडीवर, साहेब सोफ्यावर, अंगात बनियन, आणि टीव्हीवर कुणीतरी टायवाला हात हलवत होता.

"आता उभा राहतोय म्हणे!" साहेब टीव्हीला म्हणाले. "अर्ध्या राज्यांचं मतदान झालं, आणि हा आता दाढी करून आलाय."

मी विचारलं, कशाला उभा राहतोय. साहेबांना सांगायला आवडतं. ते म्हणाले, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष आपल्या आपल्यात निवडणूक घेतो. त्यातून एकच माणूस पुढे जातो. तिला प्रायमरी म्हणतात. मी म्हटलं, प्रायमरीपुरता मी शिकलेलो आहे. साहेब हसले नाहीत.

"उशिरा आलेला माणूस जिंकू शकतो का, साहेब?"

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "एक म्हणजे, नाव द्यायच्या तारखा निघून गेलेल्या असतात. दुसरं, आधीच्या लोकांनी गावोगाव माणसं बांधून ठेवलेली असतात. आणि ज्यानं एकदा शब्द दिला तो परत फिरत नाही. उशिरा येणारा हरण्यासाठीच येतो. लिहून घ्या."

आतून वहिनी म्हणाल्या, "काही नाही हं. उशिरा येतो त्याचे दोष कुणाला माहीत नसतात. आधीच्यांना बघून बघून लोक कंटाळलेले असतात."

"तू पोळ्या कर," साहेब म्हणाले.

मी साहेबांचं ऐकलं. साहेब इंजिनियर होते. ह्या एका कारणावरून मी आयुष्यात अनेक चुका केल्या आहेत, पण ही सगळ्यांत मोठी.

आता आमच्याकडची निवडणूक सांगतो. इथे आम्हा मराठी लोकांचं एक मंडळ आहे. दर दोन वर्षांनी अध्यक्ष निवडतात. एक उमेदवार सीबवाल्यांचा, म्हणजे कुटुंबवाले, साहेब लोक. एक रुवीवाल्यांचा, म्हणजे आम्ही, रूम करून राहणारे कोकणातले तेवीस जण. आमचा उमेदवार कोण हे आम्ही आधीच आपल्या आपल्यात ठरवतो. म्हणजे आमचीही प्रायमरीच, फक्त तिला नाव नव्हतं.

तिची एक पद्धत आहे. ज्याला उभं राहायचं तो एका शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना जेवायला बोलावतो. पहिला भात पाहुणा म्हणून खायचा, त्यात काही नाही. पण दुसऱ्यांदा भात मागून घेतला की तुमचं मत त्याचं झालं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. दुसरा भात खाऊन दुसऱ्याला मत दिलं, असं करणारा एक जण होऊन गेला, त्याच्याबद्दल अजून वाईट बोलतात. म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत आमच्या पंगतीत जी शांतता असते ती परीक्षेच्या हॉलमध्येही नसते. भाताचं पातेलं फिरतं आणि माणसं छताकडे बघत बसतात.

त्या वर्षी दोघे उभे होते. एक काका, क्रेन चालवतात. दुसरे भाऊ, त्यांची रुवीत लॉन्ड्री आहे. आणि माझी पंचाईत अशी की ह्या दोघांनीच मला माणूस केलं.

काकांनी मला इथे आणलं. कुडाळला मी पंक्चर काढत होतो, तेव्हा माझ्या व्हिसासाठी त्यांनी अर्बाबकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे, चार खेपा घातल्या. विमानतळावर सरकता जिना बघून मी खालीच उभा राहिलो, तर काकांनी मला लहान पोरासारखं काखेत धरून वर नेलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला मिशी होती.

भाऊंचं असं की मला मूतखडा झाला तेव्हा तीन दिवस ते लॉन्ड्री सोडून हॉस्पिटलात बसले. तिथला हिरवा गाऊन चुरगळलेला त्यांना बघवेना. त्यांनी तो घरी नेऊन इस्त्री करून आणला. मी कळवळत होतो, पण कडक इस्त्रीत.

दोन्ही शुक्रवारी मला एसीची अर्जंट कामं आली. त्यामुळे मी काकांकडेही जेवलो नाही, भाऊंकडेही नाही. मला वाटलं, सुटलो. उलटच झालं. मत कुणाला न दिलेला मी एकटाच उरलो, आणि मंगळवारी दोघेही माझ्या मागे लागले.

सकाळी काकांचा फोन. "झिला, तुझा काय?"

"माझं मत तुमचंच काका," मी म्हटलं.

दुपारी भाऊ लॉन्ड्रीच्या दारातच भेटले. "काय रे, माझ्या बाजूनं ना?"

"म्हणजे काय भाऊ!"

रूमवर येऊन मी एसीखाली बसलो. एक मत, दोन माणसं, दोघांचे उपकार. कुणालाही दिलं तरी दुसऱ्याला तोंड दाखवायची सोय नाही. मग मला साहेबांची आठवण झाली. उशिरा येणारा हरण्यासाठीच येतो. म्हणजे मी स्वतःच उभा राहिलो, तर माझं मत मलाच देईन, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि जिंकायची तर भीतीच नाही. माझ्या आयुष्यात मला इतकी हुशार कल्पना कधी सुचली नव्हती. मी लगेच ग्रुपवर टाकलं: मी पण उभा आहे.

माझा रूममेट बेकरीत पाव करतो. तो हातातला मोबाईल बघतच आत आला.

"मेल्या, ह्या काय केलंस? येड लागला काय तुका?"

मी त्याला सगळं समजावलं. अमेरिकेसकट समजावलं.

तो खाटेवर बसला आणि डोकं खाजवायला लागला. "तुका एक गोष्ट म्हायत नाय. तू जेवूक इलं नाय ना, म्हणून. अरे, आमी दोनीकडे दुसरो भात खाल्लो."

"दोन्हीकडे?"

"काकांकडे सुरमई होती. भाऊंकडे पण सुरमई होती. माणूस काय करतलो? सगळ्यांनी खाल्लो. आता सगळे अडाकलेत. काकाक मत दिला तर भाऊकडे बेइमान, भाऊक दिला तर काकाकडे." तो एकदम ताठ झाला. "आणि तू मधे उभो रवलंस. तुका दिला म्हणजे दोघांकयव सारख्याच नाय दिला. मेल्या, तू निवडान येतलंस!"

मला घाम फुटला. एसी अठरावर होता.

त्यानंतरचे दोन दिवस मी विसरू शकत नाही. लोक एकेक करून यायचे, इकडे तिकडे बघायचे, आणि माझा हात दाबायचे. "तू सोडवलंस रे आम्हाला." दार्सैतला देवळात गेलो तर तिथे चपलांच्या रांगेत एकानं माझ्या पायाला हात लावला. मी देवाला म्हटलं, बाबा, मला पाड. काका आणि भाऊ, दोघांचेही फोन बंद झाले होते. म्हणजे चालू होते, मला लागत नव्हते. सतरा वर्षांत काकांनी माझा फोन उचलला नाही असं कधी झालं नव्हतं. ते दोघे माझ्यावर उलटले तर ह्या देशात माझं कोण होतं? पुढे अध्यक्ष जरी झालो तरी मी काय करणार होतो, एकटाच खुर्चीत बसून?

नाव मागे घ्यायला मी शिंपीमामांकडे गेलो. मामा आमच्यात वयानं मोठे, चिठ्ठ्या तेच मोजतात.

"मागे घेता येत नाही," मामा तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

"उशिरा उभं राहता येतं असं तरी कुठे लिहिलंय? तुला राहू दिलं ना? यल्ला, जा. जेवण घाल. शुक्रवारी दुपारी जेवण, चारला मतदान, खलास."

जेवण! मला वाट सापडली. जेवण वाईट केलं तर दुसरा भात कोण मागणार? आणि दुसरा भात नाही तर शब्द नाही, शब्द नाही तर मत नाही. मी कोकणी माणसांना शुक्रवारी मासे न घालायचं ठरवलं. डाळीची आमटी आणि बटाट्याची भाजी. रूममेटला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मला एवढ्यावर भरवसा वाटेना. फोडणी दिल्यावर मी आमटीत मीठ घातलं. थोडं थांबलो, काकांनी न उचललेला फोन आठवला आणि आणखी घातलं. मग भाऊंसाठी म्हणून वेगळं घातलं.

बावीस जण आले. काका आणि भाऊही आले, कारण उमेदवारानं दुसऱ्याच्या जेवणाला न जाणं हलकं दिसतं. दोघे दोन टोकांना बसले, माझ्याकडे न बघता. मी वाढलं. पहिला घास गेला आणि सगळ्यांचे हात ताटातच थांबले. एकाचे कान हलले. मला बरं वाटलं.

मग रूममेट बारीक आवाजात म्हणाला, "भात आण रे. लवकर."

"कशाला?"

"आमटी खारट झाली हा. कोरडो भात नाय घातलो तर घशाखाली जावची नाय."

"मला पण," पलीकडचा म्हणाला.

"इकडे दोन मूठ."

ताट सोडून उठणं आमच्यात नाही. अन्न टाकणं तर त्याहून नाही. त्यामुळे खारट आमटी संपवायला भात, आणि भात संपवायला पुन्हा आमटी, असं करत करत एकूणएक माणसानं दुसरा भात घेतला. काहींनी तिसरा घेतला. पातेलं घेऊन मी रांगेतून पळत होतो आणि सारखा म्हणत होतो, "नको घेऊ, राहू दे, नको." मामा म्हणाले, "काय आग्रह आहे बघा! उलटा आग्रह. असा उमेदवार मी पाहिला नाही."

काकांनीही घेतला. भाऊंनीही. माझ्याकडे न बघता दोघांनी ताट पुढे केलं.

चार वाजता मामांनी त्याच सतरंजीवर चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिणार होतो, तोच तर सगळा बेत होता, पण हात उचलेना. मी कोरीच घडी केली. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या आणि मामा एकेक उघडून वाचायला लागले.

माझं नाव एकोणीस वेळा आलं. एक चिठ्ठी कोरी. एका चिठ्ठीवर नुसतं "पाणी" लिहिलं होतं, ती बाद धरली. उरल्या दोन. एक काकांना, एक भाऊंना.

कुणीतरी फिसकन हसलं, कारण सगळ्यांना वाटलं की दोघांनी आपापलं मत आपल्यालाच दिलं. मी भिंतीला टेकलो. आता हे दोघे उठून जाणार, आणि मी त्यांच्या मागे जिना उतरून पाया पडणार, एवढंच मला दिसत होतं.

पण काका उठले आणि मामांच्या हातातून एक चिठ्ठी ओढून घेतली. त्यांना मिळालेली एकमेव. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली.

"ह्या अक्षर माझा नाय," काका म्हणाले. "ह्यो लॉन्ड्रीच्या पावतीवरचो क आसा." मग ते सावकाश वळले. "तू माका मत दिलंस?"

भाऊ गोरेमोरे झाले. "मग? सगळ्यांत आधी तुमच्याकडे दुसरा भात खाल्ला होता ना मी. शब्द म्हणजे शब्द."

"अरे, पण तू स्वतः उभो होतंस!"

"ते वेगळं." भाऊंनी दुसरी चिठ्ठी उचलली. "आणि हे काय? सगळी अक्षरं सुटी सुटी. क्रेनच्या रजिस्टरात असं कोण लिहितं, मला माहीत नाही काय?"

काकांनी नुसतं नाक पुसलं. "तुझ्याकडे सुरमई बरी होती," एवढंच म्हणाले.

मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. म्हटलं, काका, भाऊ, मला हरायचं होतं, आईशप्पथ, मी आत्ता राजीनामा देतो, मला भाषण येत नाही, मला अर्ज लिहिता येत नाही, तुमच्यातलं कुणीही व्हा.

"गप बस," भाऊ म्हणाले. "ह्या शर्टात सीबवाल्यांसमोर जाणार आहेस काय? माझ्याकडे एक कोट पडून आहे, गिऱ्हाईक न्यायलाच आला नाही. मामा, ह्याचं माप घ्या. बाह्या कमी करायला लागतील."

"आणि भाषण मी लिवन देतंय," काका म्हणाले. "मोठ्या अक्षरात. पण आधी नमस्कार सीबवाल्यांका नाय, आपल्यांका."

"आधी पाहुण्यांना करायचा असतो," भाऊ म्हणाले.

"तू करशीत भाषण की तो करतलो?"

तिथून त्यांची जी जुंपली ती थांबेना. मामांनी खांद्यावरची टेप काढून माझ्या पाठीला लावली. मी त्या दोघांच्या मधे दोन्ही हात पसरून उभा होतो. एका क्षणी काका दम घ्यायला थांबले, तेव्हा मी हळूच विचारलं, "काका, रागावला नाहीत ना?"

"रागावलंय तर," काका म्हणाले. "चार दिवस तुझो फोन घेवचंय नाय. आता सरळ उभो रव, मामा माप घेतत."