माडीवरचं आंधळं जनावर

"वहिनीला चौथी घेऊन काय करायचं? ती तोंडच उघडत नाय."

हे मी जिन्यात ऐकलं. हातात पोह्यांचा ट्रे होता. बोलणारा नीलेश, माझ्या नवऱ्याचा मित्र. लग्न होऊन रोह्याला आले त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. आपण गप्प असलो, की आपण तिथे आहोत हेच लोक विसरतात. त्यामुळे या मंडळींचे किस्से माझ्याकडे आपोआप साठत गेले.

दर रविवारी दुपारी अमित, म्हणजे माझा नवरा, आणि त्याचे दोन मित्र लॅपटॉप घेऊन आमच्या माडीवर बसतात. गेम चौघांचा. बंद पडलेल्या जहाजात चौघं अडकलेत आणि मागावर एक आंधळं जनावर आहे. त्याला दिसत नाही, पण ऐकू येतं; गेममधली पावलंच नव्हेत, माइकमधून आपला खरा आवाजसुद्धा. एक जण जरी होडीपर्यंत पोचला, तरी सगळे जिंकले. चौथा मित्र पुण्याला गेला, तेव्हापासून त्याची जागा रिकामी. होडी तर त्याच्या वेळीही कुणी पाहिली नव्हती.

मला ती जागा हवी होती.

*

नीलेश धरमतरच्या जेटीवर कामाला. दिवसभर बार्जवरच्या लोकांना हाका मारायच्या, त्यामुळे त्याची कुजबुजही खाडीपलीकडे पोचते. एकदा तो टेबलाखाली लपला आणि हळूच म्हणाला, "गप बसा, ते माझ्या बाजूलाच हाय."

जनावराने लगेच खात्री करून घेतली.

*

प्रशांत शेजारच्या अष्टमी गावचा, कंपनीत शिफ्टला. एकदा रात्रपाळी करून थेट माडीवर आला आणि गेममधल्या कपाटात लपला. अंधार, हलायचं नाही, बोलायचं नाही. पाच मिनिटांत घोरायला लागला. जनावराने कपाट उघडलं तरी याला जाग नाही. शेवटी अमितने हलवून सांगितलं, "अरे ऊठ, मेलास तू."

*

अमित मात्र शिस्तीत खेळतो. एकदा होडी दोन दारांवर राहिली होती. खालून सासूबाईंनी विचारलं, "अमित, दळण आणलंस काय रे?" त्यांचा आवाज काही माइकपर्यंत पोचला नाही. याचा पोचला.

"व्हय आई, आणतो."

आईला ओ दिली, आणि आलं जनावर.

*

तर त्या पोह्यांच्या दिवशी अमित म्हणाला, "एक रविवार तिला घेऊन बघू. नाय जमलं तर दुसरा कोणी शोधू."

मी पेणची. माहेरी गणपतींचा कारखाना. मूर्तीचे डोळे आखताना तिथे कुणी बोलत नाही. आखणारा श्वास धरतो, आणि कुणी आलंच तर डावा तळहात वर करतो. थांबा, डोळा चाललाय. मी दहावीत असल्यापासून डोळे आखलेत.

रविवारी नीलेश "वहिनी, घाबरू नका" म्हणाला आणि मेला. प्रशांतचा फोन वाजला. अमित त्याला हसला. दहा मिनिटांत तिघंही गेले. आता ते फक्त माझा खेळ बघू शकत होते. माझा माइक चालू, म्हणून तिघांनी तोंडावर हात धरले होते.

मी भिंतीला धरून शेवटच्या दारापर्यंत पोचले. दारातच जनावर उभं. मी श्वास धरला. त्याने मान वळवली आणि माझ्या खांद्यापाशी कान लावून थांबलं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन सासूबाई वर आल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

स्क्रीनवरची नजर न हलवता मी डावा तळहात वर केला.

सासूबाईंना. दोन महिन्यांची सून.

अमितने डोळे मिटून घेतले. सासूबाई ट्रेसकट तिथेच पायरीवर बसल्या.

जनावर गेलं. मी दार ढकललं. समोर पाणी, आणि पाण्यावर होडी.

मी हेडफोन काढले. तिघांचे हात अजून तोंडावरच होते. नीलेशचेसुद्धा.

"आता बोलू काय गो?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"तुम्ही बोला, आई," मी म्हणाले. "या तिघांना गप्प बसायला जमलं, तर पुढच्या रविवारी घेते त्यांना."