देवघरातल्या दोघी

हा किस्सा मी स्वतःहून आजवर कुणाला सांगितलेला नाही. गरजच पडली नाही. आमच्या गावात तो आधीच सगळ्यांना पाठ आहे. पण मूर्खपणा माझा, तर निदान तुम्हाला तरी तो माझ्या तोंडून कळावा. चहा घ्या, सांगते.

माझं लग्न होऊन सहा महिने झालेत. माहेर जिंतूरचं. वडिलांचं तिथे ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्तीचं दुकान आहे. सासर चुडाव्याजवळच्या एका गावात. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. त्यांनी मला पसंत केलं ते रूपासाठी नाही आणि माझ्या बी.एस्सी.साठी तर नाहीच. बघायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात धरून ते म्हणाले होते, "मेकॅनिकची लेक हाय. घरात गाडीची जाण असलेलं एक तरी माणूस पायजे."

गाडी म्हणजे त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, गोल पाठीची पांढरी मोटार. आमची वरात तिच्यातूनच निघाली. इंजिन चालू झालं की ती अशी थरथरायची की वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत माझी मान सारखी डावीकडून उजवीकडे हलत होती. बायका म्हणाल्या, "नवरी नको-नको म्हणायलीय."

मामाजींना ते लागलं. दोष माझा नव्हता, फाउंडेशनचा होता. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या दोन रबरी ठोकळ्यांवर बसतं ते. त्यातलं रबर मेलं की इंजिनाची सगळी थरथर माणसाच्या मानेत येते. त्यांनी वरातीतच ठरवलं: अधिक महिन्यात माझ्या माहेरी जावयाला धोंड्याचं जेवण असेल, तेव्हा लेकाला आणि सुनेला याच गाडीतून न्यायचं. पण न थरथरता.

इतक्या जुन्या गाडीचं नवं फाउंडेशन सहज मिळतं थोडंच? चार महिने शोध चालला, तेव्हा कुठे हैदराबादहून एक जोडी आली. मामाजींनी ती देवघरात ठेवली.

देवघरातच का? तर सासूबाईंमुळे. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा त्या गाडीवर जुना राग. ओळखू न येणारं लोखंड घरात दिसलं की त्या भंगारवाल्याला हाक मारतात. असाच एकदा कार्ब्युरेटर गेला आणि घरात स्टीलची बादली आली. पण गुडघ्यांमुळे त्यांनी देवपूजा माझ्याकडे सोपवली होती, त्यामुळे देवघर ही घरातली एकमेव सुरक्षित जागा. मामाजींनी नव्या वस्तूला लावतात तसं दोन्ही ठोकळ्यांना हळदीकुंकू लावलं, खाली खणाचा तुकडा अंथरला आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते नांदेडला लेकीकडे निघून गेले. तीन आठवडे.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की सकाळी देवघरात खणावर दोन काळ्या, बुटक्या मूर्ती बसल्या आहेत. नाक नाही, डोळे नाहीत, कपाळावर कुंकू. आमच्याकडे देवीचा तांदळा असतो, न घडवलेला दगड, अगदी तशा.

विचारायला हवं होतं, मान्य. पण नव्या सुनेनं सासरच्या देवाकडे बोट दाखवून "हे कोण?" असं विचारायचं कसं?

मी विचारलं नाही. तांदळ्याला करतात ते केलं. रोज आंघोळ, मग तेलात कालवलेला शेंदूर, वर जास्वंदीचं फूल. त्यात अधिक महिना लागला. तेल जरा सढळ हातानं घातलं.

चौथ्या दिवशी आत्याबाई देवघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"दोघी बहिणी दिसायल्यात," त्या म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"नेम सोडू नको."

संपलं. त्यांना वाटलं, सुनेनं माहेरच्या देवी आणल्यात, कशाला खोदून विचारा. मला वाटलं, सासरच्या देवी आहेत, सासूनं ओळख करून दिली. आमचे हे पहाटेच्या गाडीनं परभणीला कामाला जातात. देवघराकडे ते फक्त परीक्षेआधी बघायचे, तेही कॉलेजात असताना.

मग शेजारच्या पार्वतीकाकू आल्या. त्यांची म्हैस आठ दिवस दूध देईना. त्यांनी दोघींपुढे ओटीचा नवस बोलला आणि तिसऱ्या दिवशी म्हशीनं धार दिली. आता म्हशीला काय माहीत? पण मंगळवारी आमच्या देवघरापुढे आरतीला सात बायका होत्या.

धोंड्याला दोन दिवस उरले असताना मामाजी काळा चष्मा लावून परत आले. सोबत पूर्ण्याचे रहीमचाचा. ही गाडी त्यांच्याशिवाय कुणी उघडत नाही. जुनं फाउंडेशन निघालं, आणि गाडीच्या शेडातून मामाजींची हाक आली, "सूनबाई, देवघरातलं ते फाउंडेशन आण गं."

मी देवघरात गेले. देवघरात फाउंडेशन नव्हतं. देवघरात फक्त दोघी होत्या.

तेव्हा मला कळलं.

मी त्यांना ताम्हनात घेऊन शेडात गेले. दुसऱ्या कशात नेणार? रहीमचाचांनी ताम्हन पाहिलं आणि आधी चपला काढल्या.

"दादा, याला मी पाना लावणार न्हाई. पूजा झालेली चीज हाय."

मामाजींनी काळा चष्मा काढला. "सूनबाई, हे काय हाय?"

"तेल आणि शेंदूर, मामाजी."

"तेल?"

"रोज."

रहीमचाचांनी भीतभीत अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. "रबराला तेल म्हणजे जहर. फुगलं ना, दादा. खव्यावानी झालंय."

मामाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तू बघताक्षणी ओळखशील. म्हणून तर सांगितलं न्हाई. मेकॅनिकची लेक..."

आत्याबाई दारात उभ्या. "म्हंजी ह्या तुझ्या माहेरच्या न्हाईत?"

"मला वाटलं, सासरच्या."

नेमक्या त्याच वेळी पार्वतीकाकू ओटीचं ताट घेऊन शेडात शिरल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग माझी म्हैस?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "देवी हाय का रबर हाय, मला ठाव न्हाई. पण ह्या घरात जिला शेंदूर लागला, ती भंगारात जायची न्हाई. बसवा गाडीत."

"आता हुकूम झाला," रहीमचाचा म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला. पार्वतीकाकूंनी बॉनेटवर ओटी भरली.

आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या, पुढच्या सीटवर, हात जोडून. परभणीवरून जिंतूरपर्यंत गाडी वरातीपेक्षा जास्त थरथरली. माझी आई ओवाळायला दारात उभी होती. आम्ही चौघं अजून गाडीत होतो, इंजिन चालू होतं, आणि धोंड्याचं बोलावणं मिळालेले आम्ही चौघंही एका तालात नको-नको म्हणत होतो.

वडिलांनी आवाज ऐकला आणि न विचारता बॉनेट उघडलं. आतला शेंदूर बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"व्याही," मामाजी म्हणाले, "लेकीला गाडीची जाण शिकवली न्हाई वाटतं."

"जाण होती," वडील म्हणाले. "भक्ती जास्त झाली."

मामाजी हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, सुटले. पण वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "चौथी ते दहावी, दुकानात कशावर बसून अभ्यास केलास तू?"

कोपऱ्यात ते अजून होतं. कुठल्याशा मोठ्या मशीनचं जुनं फाउंडेशन. पाटाएवढं, काळं, माझ्या बसण्यानं वरून गुळगुळीत झालेलं. भूमितीची सगळी प्रमेयं मी त्याच्यावर बसून घोकली होती.

मागून आत्याबाई आल्या. त्यांनीही ते पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"ही थोरली का गं?"

वडील माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरला, वाकले आणि म्हटलं, "हो, आत्याबाई."